सहा परस खाली विश्वाची उत्पत्ती

“पहारी वर घ्या. सगळ्या घ्या, सुतक्या बी घ्या. मग मला घ्या.”

मुकादम विहिरीच्या तळातून ओरडत होता आणि त्याचा आवाज सहा परस चढून वर येता येता असा फुगत होता की वस्तीवरची कोंबडी अंडं अर्ध्यावर टाकून उठली. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरता माणूस. असे सहा गडी एकाच्या डोक्यावर एक उभे करा, तेवढी ती विहीर खोल. पुढं मी ही हकिगत जिथं जिथं सांगितली तिथं ती बारा परस झाली, एकदा एका लग्नाच्या पंगतीत अठराही झाली. पण लिहिताना माणसानं हात जरा आखडता घ्यावा, म्हणून सहा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. लागोपाठ दोन पावसाळे नगर जिल्ह्याला ओळख न दाखवता निघून गेले होते. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी नुकता खोलीवर आलो होतो, पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. तसाच विहिरीकडं धावलो. काठावर आक्का उभी होती. यारीचा खांब तिनं एका हातानं धरला होता. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायची, हातानं फिरवायची क्रेन. तिच्या दोराला लोखंडी बादली, आणि त्या बादलीतून पहारी, सुतक्या म्हणजे दगड फोडायचे घण, असं एकेक हत्यार वर येत होतं. आक्का प्रत्येक हत्याराकडं बघत होती, जसं कुणी घरातलं सामान बाहेर काढताना बघावं.

आक्का माझी घरमालकीण. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काडी, पण वाटेनं निघाली की समोरचा बैल स्वतःहून बांधावर चढायचा. घरात नवरा, दोन दीर, मुलगे, सुना असा सगळा गोतावळा होता आणि ती सगळी मंडळी आक्काला विचारून शिंकायची. तिच्या मळ्यात लिंबोणीची एकशेवीस झाडं होती. रोपं तिनं श्रीगोंद्याकडून पाटीत घालून, डोक्यावरून आणली होती आणि सहा वर्षं जोपासून फळाला आणली होती. जुनी विहीर दिवाळीतच आटली. तेव्हापासून घरातल्या बायका ओढ्यातल्या झिऱ्यातून घागरी भरून आणत आणि प्रत्येक झाडाला तिसऱ्या दिवशी एक घागर मिळे. पानं आतल्या बाजूला वळायला लागली होती. आक्का म्हणायची, पान वळलं की झाड पंधरा दिवस वाट बघतं, मग बघत नाही. त्यातले चार दिवस गेले होते.

म्हणून ही नवी विहीर. आणि ती खणणारी ही टोळी उठून गेली तर दुसरी मिळण्याची आशा नव्हती, कारण जिल्ह्यात ज्याच्या हाताला पहार पेलत होती तो प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या विहिरीत उतरलेला होता. आमच्याच टोळीला पुढच्या गावाला न्यायला दुपारी तीन वाजता टेम्पो यायचा होता.

त्या टोळीचा एक कायदा होता. विहिरीतलं शेवटचं हत्यार वर आलं की ती विहीर मिटली. मग तिथं राजा जरी पालखी घेऊन आला तरी ते लोक त्या खड्ड्यात परत उतरणार नाहीत. पण एक जरी पहार खाली राहिली तरी काम चालू समजायचं. आता खाली मुकादम आणि मुकादमाची स्वतःची पहार, एवढंच उरलं होतं.

आक्कानं मला थोडक्यात सांगितलं. काळा पाषाण फोडता फोडता सकाळी खाली तांबडी माती लागली. विटेचा चुरा असावा तशी. हाताला लावली तर हात कुंकवाच्या करंड्यात घातल्यासारखा. ती बघितली आणि मुकादमानं काम थांबवलं. त्याचं म्हणणं, ही भाजलेली जमीन आहे, हिच्याखाली पाणी नसतं. त्याच्या बापाला अशी माती दोन विहिरींत लागली होती, त्याला स्वतःला एकीत, आणि तिन्ही कोरड्या.

आता इथं माझी ओळख सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ माझा आहे. मी चोवीस वर्षांचा होतो, हायस्कुलात शास्त्र आणि भूगोल शिकवत होतो आणि मला पृथ्वीबद्दल सगळं माहीत होतं. आमचं घर नगरचं, ख्रिस्ती. वडील देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश करायचे. आमच्या घरात जग सहा दिवसांत तयार झालेलं होतं आणि सातव्या दिवशी सुट्टी होती. मी शाळेत त्याच जगाला चारशे साठ कोटी वर्षं लावायचो. वडिलांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की तुला महिन्याचा पगार मिळतो ना, म्हणून तू काम लांबवतोस. त्यांच्याकडून मी श्रद्धा किती घेतली ते देवाला ठाऊक, पण आवाज पुरता घेतला. मी ज्वालामुखीचा धडा शिकवला की पुढच्या बाकावरच्या पोरांच्या भुवया करपायच्या. भूकंपाच्या धड्याला हेडमास्तर स्वतःच्या कपाटाला पाठ लावून उभे राहायचे.

आणि विहीर म्हणजे तर माझं पुस्तकच. दिवाळीपासून मी रोज संध्याकाळी तिच्या काठावर बसून तिचं एकेक पान उलटताना बघत होतो. वर हातभर काळी माती, मग चुनखडी, मग मुरूम, मग भोकाभोकांचा ठिसूळ दगड, ज्याच्या भोकांत साखरेसारख्या पांढऱ्या गारगोट्या चमकायच्या, आणि त्याखाली तो काळा घट्ट पाषाण, ज्यावर पहार मारली की मारणाऱ्याचे दात वाजायचे. त्यानंतर काय लागणार, हे मी आक्काला आधीच सांगून ठेवलं होतं. तांबडी माती. ती लागली, आणि गावात माझ्याइतका आनंद झालेला माणूस दुसरा नव्हता.

कारण मुकादमाचं बरोबर होतं. ती माती खरोखर भाजलेलीच होती. तो गडी उत्तराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता आणि आत न शिरता परत निघाला होता.

मुकादमाला आणायला रिकामी बादली खाली निघाली, तिच्यात मी बसलो. यारीवरचे दोघे ओरडले, पण दोर त्यांच्या हातात होता आणि मी दोराला, त्यामुळं त्यांना मला सावकाश सोडणं भाग होतं. खाली पोचल्यावर मी मुकादमाला नमस्कार केला, त्याच्या हातातली पहार बघायला मागितली, त्यानं भिडेखातर दिली, आणि मी ती मांडीखाली घेऊन भिंतीला पाठ लावून बसलो.

मुकादम माझ्याकडं बघत राहिला. तो उंचीनं माझ्या दीडपट होता. त्यानं मला पहारीसकट काखेत मारून वर नेलं असतं. पण त्यांचा दुसराही कायदा होता की विहिरीच्या तळाशी कुणाच्या हातातलं हत्यार हिसकायचं नाही, आणि तो फार शहाणपणाचा कायदा होता. त्या कायद्याच्या जिवावर मी पुढचे तीन तास शूर होतो.

“मास्तर, उठा,” तो म्हणाला. “टेम्पो यील.”

मी म्हटलं, मी तुम्हाला पटवून देतो की याच्याखाली पाणी आहे. पटलं नाही तर पहार तुमच्या हातात देतो आणि तुमच्या टेम्पोत सामान भरू लागतो.

तो बादलीत बसून वर गेला. काठावर बसून त्यानं तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाला की बोला, भूक लागली की आपसूक वर याल. त्याच्या बाजूला टोळीतले गडी बसले, एका बाजूला आक्का बसली. खालून बघताना मला परातीएवढं आभाळ दिसत होतं आणि त्या परातीच्या काठानं मांडलेली सात डोकी. असा वर्ग मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. कुणाला घंटेची वाट नव्हती, आणि मास्तर पळून जाण्याची भीती तर अजिबात नव्हती.

पाण्याचं सांगायचं तर तांबड्या मातीपासून सुरुवात करून भागलं असतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.

नगरच्या वाचनालयात एका मासिकात मी नुकतंच वाचलं होतं की हे सगळं, सूर्य, तारे, नगरचा किल्ला, बैल, आपण, सगळं सुरुवातीला एका जागी दाबून बसलेलं होतं, मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि मग त्याचा स्फोट झाला. मासिकात ते अर्ध्या पानात होतं. मी ते पाऊण तास सांगितलं. माझा आवाज त्या गोल भिंतीत असा फिरत होता की मला स्वतःलाच वाटायला लागलं, त्या वेळी मी हजर होतो.

वरून पहिला प्रश्न मुकादमाचा आला. त्यानं विचारलं की तो दाना ठिवला कुठं हुता. मी सांगितलं, ठेवायला जागाच नव्हती, जागासुद्धा दाण्याच्या आतच होती. यावर वर तंबाखूची पिंक पडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला की बरं, जागा ऱ्हाऊ द्या. सुरुंग म्हणताय, तर वात कुनी पेटवली?

हा माणूस वीस वर्षं सुरुंग लावत होता. त्याच्यासमोर थापा मारण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, ते शास्त्राला अजून कळलेलं नाही.

“मग त्यो सुरुंग न्हाई, मास्तर,” मुकादम म्हणाला. “त्यो अपघात.”

टोळी हसली. मला राग आला नाही. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना जे म्हणायला धीर होत नव्हता ते आमच्या मुकादमानं तंबाखूच्या पिंकेबरोबर म्हणून टाकलं होतं.

तिथून मी पृथ्वीवर उतरलो. पृथ्वी म्हणजे सुरुवातीला तापून पातळ झालेला गोळा, हे सांगताना मला गुऱ्हाळ आठवलं आणि मी कढईच मांडली. उसाचा रस उकळला की मळी वर येते आणि जड ते तळाला बसतं. तसं लोखंड गेलं पृथ्वीच्या पोटात आणि हलका दगड वर तरंगला, थंड झाला, घट्ट झाला. आपण सगळे या मळीवर राहतो, मळीवर नांगर धरतो आणि मळीच्या हद्दीवरून भावाभावांत बोलणं बंद करतो. हे टोळीला फार आवडलं. त्यातल्या एकाचं भावाशी खरोखरच बोलणं बंद होतं, तो म्हणाला की हे त्याला एकदा येऊन सांगा.

मग वाफेचे ढग झाले आणि पाऊस सुरू झाला. तो पाऊस, मी म्हटलं, एक दिवस नाही, एक महिना नाही, हजारो वर्षं पडत होता, सगळे समुद्र त्यातून भरले. मी तो पाऊस असा पाडला की यारीवरच्या गड्यानं नकळत डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

आक्का म्हणाली, “तवा कुनी थोडं साठवून ठिवायचं व्हतं.”

तीन वाजायला आले असावेत. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण मी आता आमच्या नगर जिल्ह्यापर्यंत पोचलो होतो आणि इथं मी कुणालाच सोडत नाही. मी सांगितलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला दगड बाहेर आला. डोंगराच्या तोंडातून कारंज्यासारखा नाही, तर पिठाचं पातेलं कलंडावं तसा. तो पसरला नाशिकपर्यंत, पुण्यापर्यंत, नागपूरपर्यंत. थंड झाला. त्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, दगडाची माती झाली, गवत उगवलं. हजारो वर्षांनी दुसरी भेग, दुसरा लोंढा, त्या गवतावर, त्या मातीवर. ती माती खालच्या खाली भाजून विटेसारखी तांबडी झाली. असे लोंढ्यावर लोंढे, थरावर थर. आपण म्हणजे धिरड्यांच्या चळतीवर उभे आहोत, मी म्हटलं. तव्यावरचं धिरडं बघा, खालून घट्ट असतं आणि वरून जाळीदार. दगडाचंही तसंच. वरचा घट्ट काळा पाषाण आपण फोडला, तो वरच्या धिरड्याचा तळ. ही तांबडी माती मधली. हिच्याखाली लागणार खालच्या धिरड्याची वरची बाजू, म्हणजे जाळी, आणि त्या जाळीत पाणी. फक्त दीड हात खणा, मुकादम, फक्त दीड हात.

मी एवढ्या जोरानं हात फेकत होतो की माझी कोपरं आणि पाठ मागच्या दगडावर घासून निघत होती. पण वर्गाला रंग चढला होता आणि मला कशाची शुद्ध नव्हती.

मुकादम म्हणाला की माती भाजली ती वरच्या दगडानं, हे पटलं. पण चूल खालनं भाजो का वरनं, भाजलेलं ते भाजलेलं. त्यात पाणी कुठून येणार.

तेवढ्यात वाटेवरून टेम्पोचा हॉर्न वाजला. परातीच्या काठावरची डोकी एकेक करून उठली. मला वरून फक्त सामान लादल्याचा आवाज येऊ लागला. मी आणखी मोठ्यानं बोलू लागलो, पण ऐकायला आभाळच उरलं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण एका बाईच्या एकशेवीस झाडांवर धिरडी घालत बसलो आहोत.

मग आभाळ झाकलं. बादली खाली येत होती आणि तिच्यात आक्का होती. लुगड्याचा काचा आवळलेला, एका हातानं दोर धरलेला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्या पंचक्रोशीत बाई विहिरीत उतरलेली कुणी बघितली नव्हती. वर यारीवरचे गडी एकमेकांना हळू, हळू म्हणत होते, जसं काही बादलीत काचेचं सामान आहे.

खाली उतरल्यावर तिनं भाकरी माझ्या हातात दिली. तिचं म्हणणं सरळ होतं. माझ्यासाठी तुम्ही कुणाच्या कामात आडवे पडू नका. ती माणसं वचनाची आहेत, पुढच्या गावात त्यांची वाट बघतायत. तुम्ही पहार द्या. झाडांचं माझं मी बघीन. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती.

मोठं माणूस समोर उभं असताना आपण बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी उठलो. पहार उचलून तिच्याकडं द्यायला वळलो.

“मास्तर,” ती म्हणाली, “पाठ फिरवा.”

मी फिरवली. माझी ती पॅन्ट टेरिकॉटची होती, दुधी रंगाची, नगरच्या शिंप्याकडून शिवून आणलेली, आणि ती घालून मी नगरच्या वाटेवरच्या केडगावातून सायकलवर गेलो की चहाच्या टपरीवरची माणसं बशी खाली ठेवायची. त्या पॅन्टीची बैठक मागून तांबडीभडक झाली होती आणि निथळत होती. शर्टाची पाठही ओली होती. वरून एका गड्यानं हे बघितलं आणि तो दुसऱ्याला म्हणाला की मास्तर लई भ्याले वाटतं. मग वर असं हसू फुटलं की टेम्पोवाला काय झालं म्हणून बघायला आला.

आक्का हसली नाही. मी जिथं पाठ टेकून बसलो होतो तिथं ती खाली बसली. काळा पाषाण जिथं संपत होता आणि तांबडी माती जिथं सुरू होत होती, तिथं बोटभर रुंदीची एक आडवी फट होती. सुरुंगानं उडालेल्या दगडाच्या पिठानं ती सकाळी गच्च लिंपली गेली होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती. तीन तास विश्वाची उत्पत्ती सांगताना माझ्या पाठीनं ती घासून मोकळी केली होती. आक्कानं पदरानं ती फट कोरडी पुसली आणि बघत बसली. दगड काळा होता तो हळूहळू चकाकायला लागला. मग फटीच्या खालच्या काठावर एक थेंब जमला, फुगला, घसरला. तिनं परत पुसली. परत थेंब.

“गरम धिरड्यावर गरम धिरडं ठिवलं तर घाम मधी सुटतो,” ती म्हणाली. “धिरड्यात न्हाई.”

मी खाली बघत होतो, पाणी माझ्या पाठीशी होतं. ती तांबडी माती भाजून आणि दबून इतकी घट्ट झाली होती की वरून झिरपत आलेलं पाणी तिच्यातून खाली उतरूच शकत नव्हतं. ते तिच्या माथ्यावर अडून दगडाच्या फटीतून आडवं सरकत होतं. पुस्तकात हे होतं. चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. मी ते पोरांना शिकवलंही होतं. फक्त त्यावर बसून बघितलं नव्हतं.

आक्कानं मुकादमाला हाक मारली. तो खाली आला, फटीला हाताचा तळवा लावून उभा राहिला, मग तळवा जिभेला लावला. वर बघून त्यानं टेम्पोवाल्याला सांगायला लावलं की आजचा दिवस जा, सोमवारी ये. मग त्यानं माझ्या हातातून स्वतःची पहार घेतली. ती मी दिलेली होती, हिसकावलेली नव्हती, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

त्यांनी खाली खणलंच नाही. त्या फटीच्या रेषेत भिंतीला आडवी दोन भोकं पाडली आणि दुसऱ्या दिवशी दोन सुरुंग आडवे उडवले. पाणी आलं ते नदीला पूर यावा तसं आलं, असं मी तीस वर्षं सांगत आलो आहे. आलं ते म्हशीच्या सडातून दूध यावं एवढ्या धारेनं आलं. पण ते थांबलं नाही. सोमवारी सकाळी विहिरीत गुडघाभर होतं, बुधवारी कंबरभर.

माझ्या हट्टाखातर मुकादमानं सुरुंग उडवायच्या आधी तळाला एका बाजूला तांबड्या मातीतून दीड हाताचं भोक पाडून दाखवलं होतं. खाली जाळीदार दगड लागला. अगदी मी सांगितला तसा, पुस्तकातल्या चित्रातून काढून आणल्यासारखा. आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा कोरडा. मी मुकादमाला म्हटलं, बघा, जाळी आहे की नाही. तो म्हणाला, हाय की. आणि भोक चिखलानं बुजवून टाकलं. शास्त्र चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्या जाळीनं अजून पाणी धरायचं ठरवलेलं नाही, एवढंच. साडेसहा कोटी वर्षं झालीत, तिला घाई नसेल.

गावात माझा भाव असा वाढला की विचारू नका. तीन गावांतून बोलावणी आली की मास्तर, आमच्या विहिरीत येऊन बसा. एकानं तर किती वेळ बसाल आणि बसायला घोंगडी लागेल का, तेही विचारलं. मी जाऊन व्याख्यानं दिली, बसलो मात्र नाही. शाळेत नववीच्या पोरांना मी फळ्यावर विहिरीची भिंत काढून थर दाखवले, तांबड्या थराच्या वरच्या रेघेवर निळ्या खडूनं पाणी दाखवलं आणि हे अनुमान आपण कसं काढलं ते सविस्तर सांगितलं. पॅन्टीचा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

आठवड्यानं आक्कानं डिझेल इंजिन बसवलं. पहिल्या दिवशी बागेला पाणी सुटलं तेव्हा मी मुद्दाम लवकर उठून गेलो. इंजिन भकभकत होतं, पाटातून पाणी निघालं होतं आणि आक्का खोरं घेऊन दारं धरत होती, म्हणजे एका आळ्याचं तोंड मातीनं बंद करून पुढच्या झाडाचं उघडत होती. पहिल्या रांगेतली दहा-बारा झाडं भिजून झाली होती. वळलेल्या पानांवर काही फरक दिसत नव्हता, पण ती प्रत्येक झाडाच्या बुडाला हात लावून पुढं जात होती.

मी पाटाच्या मधोमध उभा राहिलो आणि बोलायला लागलो. म्हटलं, आक्का, कल्पना करा, आज तुमच्या लिंबोणीला जे पाणी लागतंय त्याची वाट कुणी तयार केली? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लोंढ्यानं. तो दगड वितळला नसता, ती माती भाजली नसती, तर हे पाणी इथं थांबलंच नसतं. म्हणजे तुमची बाग लावायची तयारी सृष्टी तेव्हापासून करत होती. मी बराच वेळ बोललो. शेवटी विचारलं, आता तरी पटलं ना, आक्का, पृथ्वी कशी झाली ते?

आक्कानं खोरं मातीत टेकवलं.

“पटलं,” ती म्हणाली. “पाय काढा, पानी आडलंय.”